दारावरची पाटी

वरळीच्या बी.डी.डी. चाळीत जिची उभी हयात गेली अशा एका मावशीच्या नव्या घरी परवा परित्राण पाठाला जाण्याचा योग आला. जुन्या खोलीत मी लहानपणापासून जात होतो. अंधाऱ्या पॅसेजमध्ये चपला काढायच्या आणि उंबऱ्यावरून एक पाऊल टाकले की माणूस एकदम घराच्या मधोमध! खोली कसली, १६० चौरस फुटांत मांडलेला संसार तो. एका बाजूला मोरी, एका बाजूला पलंग, पलंगाखाली ट्रंका, वर पोटमाळा आणि समोरच्या भिंतीवर तथागत, बाबासाहेब व माता रमाई यांच्या तसबिरी. त्या खोलीत मावशीने दोन मुलगे आणि एक मुलगी वाढवली, सासू-सासऱ्यांचे शेवटचे दिवस काढले आणि गिरणीतून पाळी करून आलेल्या नवऱ्याला दिवसा झोप मिळावी म्हणून मुलांना पॅसेजमध्ये बसवून अभ्यास करायला लावला.

आता लिफ्टने वर जायचे. ५०० चौरस फुटांचे घर, दोन झोपण्याच्या खोल्या, स्वतंत्र संडास-बाथरूम, खिडकीतून समुद्राची निळी पट्टी. तसबिरी मात्र त्याच, तशाच समोर. भन्तेजींनी त्रिसरण-पंचशील दिले, परित्राण पाठ झाला, खीरदान झाले. आलेली मंडळी घर पाहून डोळे भरून बोलत होती. एवढ्यात धाकट्या मुलाने दारावर लावायच्या पाटीचा विषय काढला.

"आई, पाटीवर नुसता फ्लॅटचा नंबर घालू. फार तर तुझं पहिलं नाव. आडनाव कशाला? बाजूला विक्रीच्या इमारती होणार, कोण कोण लोक राहायला येणार..."

मावशी म्हणाली, "का रं? तुझ्या बापाचं नाव काय चोरीचं हाय?"

तो गप्प बसला. पण थोरला बोलता झाला. त्याचा प्रश्न वेगळा होता. "पाटी लावून तरी काय करायचं? आपल्याला इथं कायम राहणं परवडणार आहे का? लिफ्ट, वॉचमन, पंप, मेंटेनन्स. त्यापेक्षा हे घर भाड्यानं देऊ आणि आपण बदलापूरला मोठं घर घेऊन राहू. वर चार पैसे शिल्लक पडतील."

त्यावर मावशीने जे उत्तर दिले ते मी विसरणार नाही. ती म्हणाली, "अठ्ठावन्न वरसं नळाला रांग लावली. आता नळ घरात आला, तर मी बदलापूरला जाऊ?"

सगळे हसले. प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. ज्या वस्तीत आता करोडोंच्या घरांशिवाय बोलणे होत नाही, त्या वस्तीत आपण आपल्या नावाने राहायचे की नाही? आणि राहायचे तर टिकून कसे राहायचे? हे दोन प्रश्न आज मुंबईतल्या हजारो बौद्ध कुटुंबांपुढे उभे आहेत. म्हणून समाजबांधवांशी आणि विशेषतः घर चालवणाऱ्या भगिनींशी चार शब्द बोलावेसे वाटले.

बडोद्याचे खोटे नाव आणि दादरचे खरे नाव

राहत्या घराचा प्रश्न बाबासाहेबांनाही चुकला नव्हता. १९१७ साली अमेरिका व इंग्लंडहून शिकून आलेले बाबासाहेब नोकरीसाठी बडोद्याला गेले, तेव्हा राहायला जागा कोठे मिळेना. शेवटी एका पारशी धर्मशाळेत पारशी असल्याचे भासवून, नोंदवहीत पारशी नाव लिहून त्यांना राहावे लागले. अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचे फर्मान देऊन गेला. दोन मित्रांकडे विचारले, एक हिंदू, एक ख्रिस्ती. दोघांनीही वेगवेगळ्या सबबी सांगितल्या. परदेशी विद्यापीठांत शिकलेला तो तरुण बागेत बसून राहिला आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतला. ही हकीकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. ती वाचताना आजही डोळ्यांत पाणी येते.

मुंबईत त्यांचे बिऱ्हाड होते परळला, पोयबावडीच्या बी.आय.टी. चाळीत. येथे थोडा इतिहास सांगणे जरूर आहे. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली. माणसे पटापट मेली, हजारो शहर सोडून पळाले. तेव्हा सरकारने १८९८ साली बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, म्हणजेच बी.आय.टी., स्थापन केला. या ट्रस्टने शहरात दोन प्रकारची कामे केली. कष्टकऱ्यांसाठी एकेका खोलीच्या चाळी बांधल्या. आणि दादर-माटुंग्याच्या मोकळ्या जमिनीवर रुंद रस्ते आखून, झाडे लावून, भूखंड पाडून मध्यमवर्गासाठी वसाहती वसवल्या. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी त्यातल्याच. म्हणजे एकाच साथीतून, एकाच ट्रस्टच्या हातून कष्टकऱ्याच्या वाट्याला खोली आली आणि पांढरपेशाच्या वाट्याला झाडांची सावली.

बाबासाहेबांनी हे दोन्ही पाहिले. परदेशातील वर्षे धरून वीस वर्षांच्या आसपास ते त्या चाळीतल्या दोन खोल्यांत राहिले. महाडचा लढा, काळारामचा सत्याग्रह, गोलमेज परिषदेची तयारी हे सारे चाळीत राहणाऱ्या माणसाने केले, हे आपल्या मुलांना सांगितले पाहिजे. पण ग्रंथ वाढत गेले, माणसांची वर्दळ वाढत गेली आणि खोल्या अपुऱ्या पडू लागल्या. तेव्हा बाबासाहेबांनी दादरच्या हिंदू कॉलनीत भूखंड घेऊन घर बांधले. १९३० नंतरच्या पहिल्या तीन-चार वर्षांतली ही गोष्ट.

हे घर त्यांनी शहराच्या कडेला बांधले नाही. पांढरपेशा, उच्चवर्णीय वस्तीच्या अगदी मधोमध बांधले. ते बांधताना आधी ग्रंथांच्या जागेचा विचार केला. आणि नाव दिले 'राजगृह'. राजगृह ही बिंबिसार राजाची मगध देशाची राजधानी. तथागतांचा तेथे अनेकदा निवास झाला आणि महापरिनिर्वाणानंतरची पहिली धम्मसंगीती तेथेच भरली. लक्षात घ्या, येवल्याची धर्मांतराची घोषणा १३ ऑक्टोबर १९३५ ची. नागपूरची धम्मदीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ ची. त्याच्या वीस वर्षांहून अधिक आधी, येवल्याच्याही आधी, हिंदू कॉलनीतल्या एका दारावर बुद्धाच्या नगरीचे नाव झळकले होते! बडोद्याला ज्या माणसाला खोट्या नावाने राहावे लागले, त्याने दादरला आपल्या घराला नाव दिले ते असे. मावशीच्या धाकट्या मुलाला मी एवढेच सांगितले, "बाळा, पाटीचा विचार करताना हे दोन प्रसंग समोर ठेव."

त्या घरात माता रमाईंना फार दिवस सुख मिळाले नाही. २७ मे १९३५ रोजी राजगृहातच त्यांचे निधन झाले. पुढे डिसेंबर १९५६ मध्ये बाबासाहेबांचे पार्थिव दिल्लीहून प्रथम राजगृहातच आणले गेले आणि ७ डिसेंबरला तेथून निघालेली अंत्ययात्रा दादरच्या समुद्रकिनाऱ्यावर पोहोचली. आज आपण ज्या राजगृहापुढे माथा टेकतो, ते मोक्याच्या वस्तीत ठामपणे राहण्याच्या निश्चयाचेही स्मारक आहे.

वरळीची खोली फुकटात आलेली नाही

काही लोक आता म्हणू लागले आहेत की, "या लोकांना करोडोचं घर फुकट मिळालं." आपल्याच मुलांच्या कानावर हे बोल पडतात आणि त्यांची मान खाली जाते. तेव्हा हिशेब नीट मांडू या.

बी.डी.डी. म्हणजे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट. हे खाते १९२० साली निघाले आणि त्यानंतरच्या काही वर्षांत गिरणी व गोदी कामगारांसाठी या चाळी उभ्या राहिल्या. वरळीला १२१, नायगावला ४२, ना. म. जोशी मार्गावर ३२ आणि शिवडीला १२, अशा एकूण २०७ चाळी. तळमजला अधिक तीन मजले, एका चाळीत ८० खोल्या, संडास सामाईक. सिमेंटच्या या इमारती सुरुवातीला लोकांना तुरुंगासारख्या वाटत आणि सत्याग्रहाच्या काळात काही चाळींचा खरोखरच तुरुंग म्हणून उपयोग झाला. कोकणातून, साताऱ्याहून, पुणे-नगरकडून आलेली आपली माणसे या खोल्यांत राहिली.

राहिली आणि राबली. गिरणीतही जात सुटली नव्हती. साचेखात्यात, म्हणजे कापड विणण्याच्या खात्यात, पगार अधिक मिळे. पण धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, म्हणून तेथे अस्पृश्य कामगाराला शिरकाव नव्हता. एकाने ओठ लावलेला धोटा दुसऱ्याने कसा लावायचा, ही अडचण! आपल्या माणसांच्या वाट्याला कमी पगाराची खाती आली. बाबासाहेबांनी १९२० च्या दशकाच्या अखेरीस गिरणी संपाच्या वेळी हा प्रश्न जाहीरपणे मांडला होता. म्हणजे ज्या गिरण्यांच्या जोरावर ही मुंबई श्रीमंत झाली, त्या गिरण्यांत आपण घामही दिला आणि अपमानही गिळला.

पुढे जानेवारी १९७४ आले. वरळीच्या चाळींत दंगल पेटली. दलित पँथरचा तो काळ. १० जानेवारीला परळला मोर्चावर वरून आलेल्या दगडाने भागवत जाधव शहीद झाले. मावशी तेव्हा पंचविशीच्या आतली, कडेवर थोरला मुलगा. ती सांगते, "रात्ररात्र दार लावून बसायचो. गावाला चला म्हणून दीर न्यायला आले होते. पण ह्यांनी सांगितलं, खोली सोडायची नाही. एकदा सोडली की परत मिळायची नाही." त्यानंतर १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. संप कधी मिटलाच नाही आणि गिरण्यांची धुराडी एकेक करून थंड झाली. मावशीने त्या काळात चार घरची धुणीभांडी केली, पण खोलीचे भाडे थकू दिले नाही.

गिरण्या गेल्या आणि त्यांच्या जमिनींवर मॉल, टॉवर, कंपन्यांची कार्यालये आली. चाळ जेथे होती तेथेच राहिली. तिच्या भोवतीची वस्ती मात्र बदलली. कामगारवस्तीची 'पॉश' वस्ती झाली. आपण श्रीमंतांच्या वस्तीत शिरलो नाही, श्रीमंत आपल्या वस्तीत आले, हा खरा इतिहास आहे.

एप्रिल २०१७ मध्ये चाळींच्या पुनर्विकासाचे भूमिपूजन झाले. काम रखडले, भाडेकरूंनी सभा घेतल्या, शंका विचारल्या, करार मागितला. अखेर १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. जे सरकारचे भाडेकरू होते ते मालक झाले. शंभर वर्षे तीन-तीन पिढ्यांनी ज्या जागेचे भाडे भरले, जेथे दगड खाल्ले, जेथे उपास काढले, ते घर फुकटचे कसे? मुलांनो, मान वर ठेवा.

"आडनाव काय?"

तरीही पाटीबद्दल धाकट्याने जी शंका काढली ती अगदीच निराधार म्हणता येणार नाही. माझ्या एका सहकाऱ्याची मुलगी बँकेत नोकरीला लागली. शाखा मध्य मुंबईत. चांगल्या वस्तीत भाड्याने जागा पाहू लागली. एजंटाने जागा दाखवली, तिला पसंत पडली, अनामत रकमेचेही ठरले. मग विचारणा झाली, "आडनाव काय? गाव कोणतं? घरात मच्छी-मटण होतं का?" दुसऱ्या दिवशी निरोप आला की जागा दुसऱ्याला दिली. महिनाभराने ती त्या बाजूने गेली, तर जागा रिकामीच होती. दुसऱ्या एका एजंटाने तर तिला आपुलकीने सल्ला दिला, "ताई, आडनाव सांगू नका, नुसतं पहिलं अक्षर सांगा." शंभर वर्षांत आपण बडोद्यापासून किती पुढे आलो ते यावरून मोजावे!

कायद्याची बाजूही माहीत असू द्या. संविधानाच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली आहे. पण २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात, विशिष्ट समाजापुरतेच सभासदत्व ठेवण्याचा संस्थेचा नियम ग्राह्य धरला. त्यामुळे जातीसाठी म्हणून निघालेल्या सोसायट्यांना एक आडोसा मिळाला. मात्र सर्वांसाठी खुल्या असलेल्या सोसायटीला पात्र माणसाचा सभासदत्वाचा अर्ज विनाकारण फेटाळता येत नाही. फेटाळला तर कारण लेखी द्यावे लागते आणि त्यावर निबंधकाकडे दाद मागता येते. म्हणून तोंडी नकारावर घरी परत येऊ नका. अर्ज लेखी द्या, पोच घ्या, उत्तर लेखी मागा. जो नकार तोंडाने सहज दिला जातो, तो कागदावर लिहून देताना पुष्कळांचा हात थरथरतो.

त्या मुलीने आडनाव लपवले नाही. तिला जागा मिळायला आणखी दोन महिने लागले, पण मिळाली ती पूर्ण नावाने. तिचे वडील मला म्हणाले, "उशीर झाला, पण घरात शिरताना तिला घाबरत शिरावं लागलं नाही." मला हे फार महत्त्वाचे वाटते. नाव लपवून घेतलेल्या घरात माणूस झोपतो, पण त्याला स्वस्थ झोप लागत नाही. दार वाजले की दचकायचे, पाहुणे आले की तसबिरी आत न्यायच्या, जयभीम हळू आवाजात म्हणायचा. अशा घराला घर कसे म्हणावे?

बदलापूर की वरळी?

आता थोरल्याचा प्रश्न. तो पैशाचा आहे आणि खोटा मुळीच नाही. गिरणी कामगाराच्या विधवेला पेन्शन किती मिळते ते आपणास ठाऊक आहे. भविष्य निर्वाह निधीची किमान पेन्शन २०१४ साली १००० रुपये ठरली, ती सुद्धा मिळवताना लोकांच्या चपला झिजल्या. अशा घराने टॉवरचा खर्च कसा सोसायचा? मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, दिवसभर आकड्यांत वावरणारा कारकून. तेव्हा मी थोरल्याला कागद-पेन्सिल आणायला सांगितले.

पहिला हिशेब वेळेचा. धाकट्याची नोकरी लोअर परळला, सुनेची दादरला, नातीचे कॉलेज फोर्टला. बदलापूरहून जाऊन येऊन माणशी रोज तीन तास तरी जादा धरा. महिन्याचे पंचवीस दिवस म्हणजे ७५ तास, वर्षाचे ९०० तास. तिघांचे मिळून २७०० तास! एवढ्या वेळात नात एखादी स्पर्धा परीक्षा देईल आणि सून एखादा कोर्स पुरा करील. शिवाय तिघांचे पास, बाहेरचे खाणे, गर्दीतल्या प्रवासाने आलेली आजारपणे. दुखले-खुपले तर वरळीहून के.ई.एम. जवळ, टाटा हॉस्पिटल जवळ. मावशीच्या वयात ही गोष्ट लाखमोलाची आहे.

बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली आणि २० जून १९४६ रोजी सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले, तेही मुंबईच्या हृदयात. पुढे फोर्टमध्ये बुद्धभवन, आनंदभवन येथे ते स्थिरावले. सकाळी वर्ग करून मुलाला दहाच्या ठोक्याला कचेरीत हजर राहता यावे, ही त्यामागची दृष्टी होती. नोकरी, शाळा, ग्रंथालय आणि घर ही एकमेकांच्या जवळ असली की गरिबाचे पोर वर येते. ती एकमेकांपासून दूर गेली की त्याचे आयुष्य लोकलच्या डब्यात जाते.

दुसरा हिशेब मेंटेनन्सचा. सोसायटीचे बिल पाहून घाबरण्याऐवजी ते वाचायला शिकले पाहिजे. आदर्श उपविधींप्रमाणे वॉचमन, सफाई, सामाईक वीज, लिफ्ट यांचा खर्च सर्व सदनिकांत समान वाटला जातो. मग तुम्ही पहिल्या मजल्यावर राहा नाहीतर पस्तिसाव्या. पाण्याचा आकार नळांच्या संख्येवर. याशिवाय दुरुस्ती निधी आणि सिंकिंग फंड. बांधकामाच्या किमतीवर दुरुस्तीसाठी वर्षाला किमान पाऊण टक्का आणि सिंकिंग फंडासाठी किमान पाव टक्का. हा पैसा आज टोचतो, पण तीस वर्षांनी इमारतीला तडे जातील तेव्हा तोच उपयोगी पडतो. बिल थकवू नका, कारण थकबाकीवर व्याज लावता येते. पुनर्वसनाच्या प्रकल्पांत सुरुवातीची काही वर्षे देखभाल कोणी करायची, घर विकण्यावर वा भाड्याने देण्यावर बंधन किती, हे करारात लिहिलेले असते. सही करण्यापूर्वी तो करार शिकल्या-सवरलेल्या मुलाकडून शब्दन् शब्द वाचून घ्या.

भगिनींनो, एक साधी गोष्ट करा. घरात एक वेगळा डबा किंवा बँकेत वेगळे खाते ठेवा. प्रत्येक कमावत्या माणसाने पगाराच्या दिवशी त्यात आपला वाटा टाकायचा. समजा महिन्याला ५००० रुपये खर्च येणार असेल आणि घरात चार कमावते हात असतील, तर माणशी १२५० रुपये झाले. जयंतीची वर्गणी जशी आपण कधी चुकवत नाही, तशीच ही घराची वर्गणी समजावी. मावशीच्या सुनेने त्याच दिवशी खिरीचा रिकामा डबा धुऊन त्यावर 'घर' असे लिहिले. थोरल्याने पहिली नोट टाकली.

समितीत आपला माणूस

चाळीत तक्रार करायची तर पी.डब्ल्यू.डी. च्या नावाने बोटे मोडली की भागत असे. सोसायटीत तसे चालत नाही. तेथे आपणच मालक आणि आपणच कारभारी. दरवर्षी ३० सप्टेंबरपूर्वी वार्षिक सर्वसाधारण सभा व्हावी लागते. त्या सभेला जा. हिशेबाची प्रत आधी मागवा. लिफ्टचा करार कितीला दिला, वॉचमनचा पगार किती, हे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. घर कागदोपत्री बाईच्याही नावावर करा, नामनिर्देशन भरा, शेअर सर्टिफिकेट जपून ठेवा. आपल्या कित्येक भावंडांतले तंटे केवळ कागद नसल्यामुळे कोर्टात कुजले आहेत.

आणखी एक महत्त्वाचे. सोसायटीच्या व्यवस्थापक समितीत महिलांसाठी दोन आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी एक जागा राखीव आहे. माझ्या पाहण्यातल्या कित्येक सोसायट्यांत ही राखीव जागा रिकामी राहते. "तुमच्यातलं कोणी उभंच राहत नाही," असे उत्तर मिळते आणि ते पुष्कळदा खरे असते. ज्या हक्कासाठी बाबासाहेब गोलमेज परिषदेपर्यंत गेले, तो हक्क आपल्या जिन्याखालच्या ऑफिसात धूळ खात पडावा, हे काही बरे नाही.

सहा डिसेंबरची खोली

शेवटी मनातली एक काळजी बोलून दाखवतो. सहा डिसेंबरला विदर्भ-मराठवाड्यातून लाखो बांधव चैत्यभूमीवर येतात. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग येथल्या चाळींनी त्यांच्यासाठी किती वर्षे दारे उघडी ठेवली! मावशीच्या १६० फुटांच्या खोलीत तीन दिवस वीस-वीस माणसे उतरत. बायका आत, पुरुष पॅसेजमध्ये. पहाटे चारला चुलीवर पाणी. नात्याची ना गोत्याची माणसे, पण मावशी त्यांना वर्षभर आठवत राही. "यवतमाळची ती म्हातारी औंदा आली नाही, बरी असंल ना?" असे म्हणे.

आता घर तिप्पट झाले. मन तेवढेच राहील का? खाली गेटवर वॉचमन आहे, वहीत नाव लिहायचे आहे, लिफ्टमध्ये गर्दी झाली की नाके मुरडणारे असतील. चाळींमधल्या मोकळ्या जागेत जयंतीचा मंडप पडत असे. आता तेथे गाड्या उभ्या राहणार. हे प्रश्न आतापासूनच सोसायटीच्या सभेत मांडा. जयंती कोठे व्हावी, सहा डिसेंबरच्या पाहुण्यांची व्यवस्था कशी असावी, याचे ठराव करून घ्या. लेखी ठराव असला की वॉचमनशी हुज्जत घालावी लागत नाही.

माझी आणखी एक सूचना आहे. दोन झोपण्याच्या खोल्यांचे घर ज्यांना मिळाले आहे, त्यांनी खेड्यातून शिकायला आलेल्या आपल्या एका मुलीला वा मुलाला घरात जागा द्यावी. पोलिस ठाण्यात नोंद करा, सोसायटीला लेखी कळवा, परवडत असेल तर नाममात्र पैसे घ्या. आडनावावरून ज्यांना मोक्याच्या वस्तीत कोणी दार उघडत नाही, त्यांना आपले दार उघडे असले पाहिजे. वीस घरांनी एवढे केले तर एका मजल्याएवढे वसतिगृह उभे राहील आणि त्यासाठी सरकारकडे हात पसरावा लागणार नाही.

मोक्याच्या जागेवर अनेकांचे डोळे असतात हे विसरू नका. दादरच्या आंबेडकर भवनाची आणि बाबासाहेबांच्या छापखान्याची वास्तू २५ जून २०१६ च्या पहाटे लोक झोपेत असताना पाडली गेली. ७ जुलै २०२० रोजी राजगृहाच्या अंगणात शिरून मोडतोड झाली. बाबासाहेबांच्या वास्तूंची ही गत, तर तुमच्या-आमच्या घराची काय कथा! आपल्या घरावर चालून येणारा काठी घेऊन येईलच असे नाही. तो हसतमुख दलाल होऊन, जाडजूड पाकीट घेऊनही येईल. ते पाकीट संपायला किती दिवस लागतात, हे गावाकडच्या जमिनी विकलेल्यांना विचारा.

मावशीच्या घरून निघताना पाटीचा निकाल लागला होता. धाकट्यानेच कागदावर नक्षी काढून दाखवली. वर छोटे बोधिपर्ण, त्याखाली वडिलांचे पूर्ण नाव, त्याखाली आईचे पूर्ण नाव, आडनावासकट, मराठीत, ठळक अक्षरांत. मावशीला वाचता येत नाही. तिने नातीला मोठ्याने वाचायला सांगितले. मग म्हणाली, "अक्षरं जरा मोठी काढ. लिफ्टमधून भाईर येणाऱ्याला दिसली पायजेत."

जयभीम!